जवायाची साखर

ही गोष्ट मी अजून कोणापाशी काढलेली नाही. ड्युटीवरच्या दोस्तांपाशी नाही, भावापाशी नाही. वैशालीपाशी — म्हणजे माझ्या बायकोपाशी — तर नाहीच नाही. तुमच्यापाशी काढतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि उद्या सकाळी मला तुमच्यासमोर बसून चहा प्यायचा नाही.

गोष्ट गोडाधोडाची आहे. ऐकायला मजेची वाटेल. मलाही बरेच दिवस ती मजेचीच वाटत होती.

दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो, तुम्हाला माहीतच आहे. पंचांगातला जास्तीचा महिना, त्यात पोटालाही जास्तीचं. लेक-जवायाला बोलवायचं, लक्ष्मी-नारायण म्हणून पाटावर बसवायचं, तेहतीस अनारशांचं ताट पुढ्यात ठेवायचं, सोबत पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार. जवाई 'नको' म्हणेपर्यंत नाही, जवाई 'मेलो बाप्पा' म्हणेपर्यंत वाढत राहायचं. दाराशी गल्लीतल्या बाया उभ्या राहून खिदळतात. सगळा हसण्याचाच कारभार असतो.

मी गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात इलेक्ट्रिकचं काम करतो. सासर आरमोरीहून आत, वैनगंगेच्या अंगाला, धानाच्या गावात. सासूला सगळं गाव बाई म्हणायचं, तिची लेकरंसुद्धा, म्हणून मीही बाईच म्हणू लागलो. बाईसारखी गोडाची हौस मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. रोवण्याच्या दिवसात चिखलात वाकलेली असायची तरी पदराच्या टोकाला गुळाचा खडा बांधलेला. चहात साखर इतकी की आम्ही म्हणायचो, बाई, चहात साखर आहे की साखरेत चहा? ती म्हणायची, मेल्यावर कोण देते! आणि तिचे अनारसे — अनारसा तुपात सोडल्यावर पीठ बिघडलेलं असलं की त्याच्या चिंधड्या होतात, त्याला बाया 'अनारसा हसला' म्हणतात. बाईचा अनारसा कधी हसला नाही. गावातल्या बाया आपलं पीठ तिला दाखवायला आणत. पहिला अनारसा कढईतून निघाला की तो देवाचा. दुसरा ती उभ्या उभ्याच, फुंकर मारत, डोळे मिटून खायची.

लग्नानंतरचा आमचा पहिला धोंडा. दुपारी पाटावर बसून मी अनारसे असे हाणले की वैशालीचा भाऊ गणेश कौतुकानं बघतच राहिला. खोटं काऊन बोलू, मलाही गोड प्रिय आहे. पण तिकडची रीत अशी की दिवस कलला की भावकीतल्या घराघरातून जवायाला बोलावणं येतं. प्रत्येक घरी पाटावर बसायचं, प्रत्येक घरी गोड खायचं, प्रत्येक म्हातारीला 'पगार किती' ते सांगायचं. आणि त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती.

हो. मॅच. एवढंच कारण आहे. याहून मोठं काही असतं तर सांगताना मला जरा बरं वाटलं असतं.

बाई नवं लुगडं नेसून मला न्यायला आली. मी टीव्हीसमोर आडवा पडलो होतो. आधी म्हणालो, पोट भरलं आहे. ती हसली, म्हणाली, जवायाचं पोट भरत नसते. म्हणालो, थकलो. तर म्हणे, दोन घरं तर करा. मग मी म्हणालो — आणि बघा, मी अडखळलोसुद्धा नाही — बाई, कारखान्याच्या डॉक्टरनं गोड बंद करायला सांगितलं आहे, शुगर निघाली आहे, दुपारी तुमचं मन मोडवलं नाही म्हणून खाल्लं.

बाईचं हसू तिथेच राहिलं. ती खाली बसली.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगायची ठेवली होती, ती सांगतो. मुद्दाम ठेवली होती. माझे सासरे आमच्या लग्नाआधी वारले, ते याच बिमारीनं. पायाला खडा लागल्याचं निमित्त झालं, जखम चिघळली, आधी बोट कापलं, मग पाय. बाईनं तो पाय रोज धुतला होता. हे मला माहीत नव्हतं का? पूर्ण माहीत होतं. बघायला गेलो तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं. म्हणूनच तर ते नाव तोंडात आलं. त्या घरात या एका शब्दावर कोणी आग्रह करणार नाही, कोणी थट्टा करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. जागा ओळखून मारलेली थाप होती ती.

बाई उठली आणि एकटीच भावकीत गेली. घरोघरी हात जोडून सांगून आली की जवायाची तब्येत बरी नाही, राग मानू नका. मी मॅच पाहत होतो. परत आली तेव्हा तिनं माझ्यासाठी लिंबूपाणी आणलं, मिठाचं. माझ्या पायाकडे बघितलं. चप्पल घालून फिरत जा म्हणाली.

तेव्हाच सांगायचं होतं. गंमत केली म्हणायचं, बाईनं दोन शिव्या दिल्या असत्या, सगळे हसले असते. पण तोवर वैशाली रडून बसली होती. आता तिच्यापुढे काय तोंडानं सांगणार? मी म्हणालो, अगं जास्त नाही, काठावर आहे.

काठावर आहे! या दोन शब्दांवर मी कितीतरी वर्षं काढली. वैशाली सकाळी उठून कारल्याचा रस काढायची आणि समोर उभी राहून पाजायची. मी नाक दाबून प्यायचो. घरात साखरेचा डबा दिसेनासा झाला. कारखान्यात दरवर्षी तपासणी होते, डॉक्टर म्हणतो ठणठणीत आहेस, आणि मी घरी येऊन सांगतो, काठावरच आहे. बाहेर मात्र माझं चालूच. टपरीवर पेढा, कँटीनमध्ये गुलाबजाम. सासरी जाताना आरमोरीच्या स्टँडवर उतरलो की वैशालीला म्हणायचो, तू बस, मी पाण्याची बाटली आणतो — आणि हॉटेलच्या मागच्या बाजूला उभा राहून गरम जिलबी खायचो. मग ओवा चघळायचो, वास जावा म्हणून. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. मी तर ते जेवणासारखं रोजचं करून टाकलं होतं.

आणि सासरी माझे लाडच वाढले. गोड नाही म्हणून बाई माझ्यासाठी नदीचे झिंगे मागवायची, निवडत बसायची, तिखट रस्सा करायची. मी बोटं चाटायचो.

दुसऱ्या धोंड्याला गेलो तेव्हा बाईनं अनारसे केले. दान द्यावं लागते म्हणून. मी ओसरीवर बसून बघत होतो. पहिला देवापुढे ठेवला. दुसरा काढला, ताटात ठेवला. तिसरा काढला. बाईनं फुंकर मारली नाही, डोळे मिटले नाहीत. काकू — वैशालीची चुलती — अनारसे थापत बसली होती. मी सहज म्हणालो, बाई खात नाही का? काकूनं माझ्याकडे बघितलं, आवाज खाली आणला.

"तुमच्यासाठीच सोडलं जी तिनं. जवायाची साखर जाईल तवाच तोंडात गोड घालीन, म्हणून बोलली देवीले. चहा बी तसाच पिते. तुमाले सांगू नोको म्हनते."

मी काय केलं? काही नाही. हो म्हणालो, मान हलवली. कढईतला आवाज ऐकत बसलो. त्या पहिल्या धोंड्यापासून ही बाई, जी चहात साखर की साखरेत चहा, ती कडू चहा पीत होती. भावकीतल्या लग्नात बुंदी आली की पुढे सरकवत होती. गणेशच्या लग्नात, सख्ख्या लेकाच्या लग्नात, तिनं तोंड गोड केलं नव्हतं. मला आठवलं, तेव्हा मीच तिला पेढा द्यायला गेलो होतो आणि तिनं माझा हात धरून तो वैशालीच्या लेकराच्या तोंडात घातला होता. आमच्या लेकराच्या.

त्या दिवशी परतताना आरमोरीला मी जिलबी खाल्ली की नाही, असं तुम्ही मनात विचारत असाल. खाल्ली. चव लागली का? लागली. माणसाची जीभ बेइमान असते असं म्हणून मी सुटू शकत नाही, जीभ माझीच होती.

सांगता आलं असतं का? किती वेळा! नुसतं 'बाई, साखर गेली, डॉक्टर म्हणाला' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरं बोलायचीही गरज नव्हती, अजून एक खोटं पुरलं असतं. तेवढंही जमलं नाही. का, तर चोराच्या मनात चांदणं. वैशालीचा चुलतभाऊ दवाखान्यात कामाला आहे. गेली म्हणालो आणि त्यानं विचारलं, कशी गेली, कोणतं औषध घेतलं, तर? वैशालीनं विचारलं, माझ्या बाबांची का नाही गेली मग, तर? — या भीतीनं मी गप्प. माझी इज्जत शाबूत राहावी म्हणून बाई कडू चहा पीत राहिली.

मग बाई आजारी पडली. पोटाचं निघालं. नागपूरला नेलं, त्यांनी घरी न्या म्हणून सांगितलं. आम्ही गेलो तेव्हा तिची खाट ओसरीवर होती, तिथून तिला शेतातला धान दिसायचा. अन्न उतरत नव्हतं. गणेश म्हणाला, जे मागेल ते द्या. वैशालीनं तांदळाची खीर केली, पातळ, वेलची घालून. दुपारची वेळ होती. उशाशी बसून तिनं चमचा ओठाला लावला.

बाईनं ओठ मिटून घेतले. वैशाली म्हणाली, बाई, आता काय राह्यलं, घे ना एक घोट. बाईनं मान वळवली आणि मला शोधलं. मी खांबाला टेकून उभा होतो.

"जवाईबापू," ती म्हणाली, "उतरली का जी साखर तुमची?"

वैशाली माझ्याकडे बघत होती. गणेश बघत होता. काकू बघत होती. खिरीचा चमचा वैशालीच्या हातात तसाच होता. एक शब्द हवा होता. 'हाव' — हो, एवढंच. लहान लेकरालाही येतो तो. बाईनं तो घोट घेतला असता.

मी म्हणालो, "काठावरच आहे, बाई."

मला म्हणायचं नव्हतं — असं सांगणार होतो. पण तेही खरं नाही. इतकी वर्षं जे म्हणत आलो तेच तोंडातून आलं, आणि आल्यावर मी ते परत घेतलं नाही. वेळ होता. बाई पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती.

"मंग राहू दे," बाई म्हणाली, आणि वैशालीचा हात तिनं हळूच बाजूला केला.

त्याच आठवड्यात ती गेली. खीर काकूनं गाईला घातली.

तेरवीनंतर गोड जेवण असतं. सुतक संपलं, आता घरच्यांनी तोंड गोड करायचं. पंगतीत बुंदी वाढत आले. माझ्या पानापाशी आल्यावर समोरून वैशाली म्हणाली, त्यांना नका वाढू, शुगर आहे. मग ते तिच्याकडे वळले. तिनं पानावर आडवा हात धरला. काकू म्हणाली, तू तर घे पोरी, लेकीनं घ्यावं लागते. वैशाली म्हणाली, नाही — बाईचं अर्धं राह्यलं आहे, ते मी पुरं करते. यांची साखर जाईल तेव्हा दोघींचं सुटेल.

काकूनं डोळे पुसले. सगळ्यांना ते फार चांगलं वाटलं. मी पानातला वरण-भात खाल्ला.

त्यालाही आता बराच काळ झाला. वैशाली तिच्या बाईसारखीच गोडाची, हे मी सांगितलं का? लग्नात माझ्या पानातला पेढासुद्धा तिनं पळवला होता. ती आता लेकराच्या वाढदिवसाचा केक कापते, वाटते आणि सुरी धुवून ठेवते. मी बाहेर अजूनही खातो. कमी झालं आहे. बंद झालेलं नाही.

धोंडा पुन्हा आला आहे. गणेशचा फोन आला होता, या म्हणतो, बाई नसली म्हणून काय झालं. दानाचे अनारसे यंदा वैशाली करणार आहे. तिनं तांदूळ भिजवले आहेत, रोज पाणी बदलते. काल मला विचारत होती, बाई गूळ किती घालायची हो, तुम्ही तर समोर बसून बघायचे. पीठ चाखून पाहायची तिला सोय नाही.

मी सांगितलं, बाई अंदाजानं घालायची.

आता उजाडेल. ती उठेल, आधी माझा कारल्याचा रस काढेल, मग चहा ठेवेल. दोन कप, दोन्ही बिनसाखरेचे. आम्ही समोरासमोर बसून पिऊ.