कौशल्याच्या सात ओळी

आम्ही दोघांनी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे एका खुर्चीवर बसून संगणकावर सात ओळी लिहिणं. अर्धी खुर्ची तिची, अर्धी माझी. वस्तीतल्या माणसांना दोघांत एक खुर्ची होती. कॉलनीतल्या बायांना एकेकीला एक.

चंद्रपूरच्या बाजूला आमची वस्ती. रस्त्यापल्याड साहेब लोकांची कॉलनी. तिथल्या एक मॅडम दर रविवारी सकाळी मराठीचा वर्ग घ्यायच्या. वर्गात इंटरनेट नवीनच आलं होतं. त्याच्यावर एकच पान, सगळ्यांनी मिळून लिहायचं. एकानं लिहिलं की साऱ्यांच्या संगणकावर उमटायचं. कॉलनीतल्या बायांचं जिचं तिचं नाव, जिचा तिचा रंग. आम्हा दहा जणांना मिळून एकच नाव. 'वस्ती'. मॅडम म्हणाल्या होत्या, "तुमच्या लक्षात पासवर्ड राहणार नाहीत." मी तीस वर्षं कोळशाच्या खाणीत होतो. माझा टोकन नंबर मला अजून पाठ आहे.

कौशल्या माझी बायको. माहेर गडचिरोलीकडचं. मी चौथी शिकलो. ती म्हातारपणी अक्षरं शिकली, तरी माझ्याहून बरं लिहायची. त्या दिवशी तिनं मोहफुलं वेचायचं लिहिलं. झाडाखालचा पाला आदल्या दिवशी झाडून ठेवायचा. पहाटेच निघायचं. झाडाजवळ गेलं की मोठ्यानं बोलायचं, कारण अस्वल आपल्या आधी आलेलं असतं. बटन शोधायला मी, दाबायला ती. मधातच म्हणाली, "सरका ना जराक. म्हाताऱ्याले सारीच खुर्ची पायजे."

शेवटची ओळ झाली. आणि सातही ओळी आमच्या डोळ्यांदेखत गेल्या. वर मॅडमच्या नावाखाली जाऊन बसल्या. मॅडमचा हात माऊसवर होता.

"मॅडम, हे तं आमच्या बाईनं लिहिलं."

"काका, पान सगळ्यांचं आहे. नाव कोणाचं का असेना."

मागून कोणीतरी हसलं. कौशल्यानं पदरानं तोंड पुसलं. वाटेत एवढंच म्हणाली, "सगळ्यायचं होतं, तं तिचंच नाव काऊन?"

"जाऊ दे," मी म्हणालो. जन्मभर हेच म्हणत आलो.

बुधवारी ती गेली. चुलीपाशी बसली होती, तिथंच कलंडली.

शनिवारी घरी पुण्यानुमोदन केलं, तिच्या फोटोसमोर वंदना घेतली. मॅडम आल्या. खाली चटईवर बसल्या, हे खरं सांगतो. पर्समधून छापलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "मावशींची आठवण. आपल्या वर्गाच्या स्मरणिकेत येणार आहे." मी चष्मा लावला. पाला होता, अस्वल होतं. खाली नाव मॅडमचं.

आणि मी हात जोडले. बायकोच्या फोटोसमोर, तिचं लिहिलेलं घेऊन बसलेल्या बाईला मी हात जोडले. कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप जोडल्या गेले. मॅडमचा राग नंतर आला. आधी या हातांचा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात गेलो. पान उघडलेलंच होतं.

"तिचं नाव घाला."

"काका, सगळं जुळवून झालंय. उद्या छापायला जाईल."

मी आमच्या खुर्चीवर बसलो, माऊस ओढून त्या सात ओळी निळ्या केल्या. मॅडमनंच शिकवलं होतं ते. कौशल्याच्या हातचं दुसरं काहीच घरात लिहिलेलं नव्हतं. मिटवायचं बटन शोधलं. दाबलं. साऱ्या संगणकांवर ती जागा पांढरी झाली. बाया माझ्याकडे पाहत राहिल्या.

"हे काय केलंत? मला ते परत आणता येतं, माहितेय ना?"

"आना. तिच्या नावासंगं आना. नाई तं जितक्या बार आनसान, तितक्या बार मिटवीन."

मॅडमचा आवाज मऊ झाला. "तुम्ही दुःखात आहात, काका. घरी जा."

"दुःख घरीच ठेवून आलो," मी म्हणालो. "इथी नावासाठी आलो."

बटनावरचं बोट काढलं नाही.