खालीवर गायब झालेली बकरी

स्क्रीनवरून बकरी गायब झाली. तिच्यामागे धावणारा साडीवालाही गायब. रिकामं दुकान तेवढं उरलं आणि मागे माझी सतार वाजत राहिली.

"बकरी क्यां गई?" आमचे बॉस मेहुलभाई ओरडले. क्लायंट मॅडम खाली गाडीतून उतरत होत्या. हे काम हातचं गेलं, तर ट्रायलवर घेतलेली अ‍ॅनिमेटर कविता सगळ्यांत आधी घरी जाणार, हे कतारगामच्या आमच्या कार्टून स्टुडिओत सगळ्यांना माहीत होतं.

मी मुक्या कार्टून्सना शास्त्रीय संगीत देतो. संवाद नसतात, त्यामुळे कोण कधी पळणार, कधी आपटणार, हे तालावर ठरतं. हे वेड लहानपणीचं. वडील धुळ्याहून येऊन याच शहरात, उधन्यात कापडाचे लूम चालवायचे. लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान पार गेलेले. सिरियलमधलं बोलणं त्यांना कळायचं नाही, ते उठून जायचे. मुकं कार्टून लागलं की मात्र आमच्याआधी हसायचे. व्हायोलिनं त्यांना धड ऐकू येत नसणार, पण उड्या तालात पडायच्या आणि त्यांचा पाय बरोबर ठेका धरायचा. ताल बांधताना अजून तो पाय आठवतो.

मी कविताला बाजूला घेतलं. "अगं, बकरी का काढलीस?"

"तुम्हीनच सांगेल व्हतं ना दादा, नऊवर खाली शे!"

मी कपाळावर हात मारला. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिली सम, तिथे सगळे येऊन भेटतात. नवव्या मात्रेला टाळी देत नाहीत, हात नुसता हवेत सोडतात. तिला म्हणतात खाली, म्हणजे रिकामी. या पोरीने स्क्रीनच खाली करून टाकली होती.

दुरुस्तीला वेळच नव्हता. मॅडम येऊन बसल्या. "चलाइए."

बकरी गायब झाली. मॅडम पुढे सरकल्या. कविताने डोळे मिटून घेतले. मी बोटांवर मात्रा मोजत बसलो. समेवर साडीवाला परत आला आणि बकरी थेट त्याच्या डोक्यावर उतरली.

मॅडम खळखळून हसल्या. "ये गायब होना हर एपिसोड में चाहिए."

"आ तो अमारी स्टाइल छे, मॅडम!" मेहुलभाई म्हणाले.

कविता परमनंट झाली. आपल्या धंद्यातले शब्द सहकाऱ्यांना नीट समजावून सांगावेत, हे मला पूर्ण पटलंय. फक्त त्याची घाई करू नये.