दोघांपुरतं दार

बाळीवेशीतल्या त्या घरात माणसं मावतील तेवढी होती आणि खोल्या चार. उन्हाळ्यात पुरुष गच्चीवर झोपत, बायका माजघरात. हिवाळ्यात पुरुष सोप्यात येत, बायका माजघरातच. शिवलिंगप्पाच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, पण दार लावून काशम्माशी चार शब्द बोलायला मिळायचे ते फक्त संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेत, सगळं घर पाळण्यात बसायला गेलं की. त्यांच्या तिन्ही मुली दसऱ्याच्या आगेमागे जन्मल्या होत्या. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं एकट्या शिवलिंगप्पाला वाटायचं.

हैदराबाद रस्त्यावरच्या एका गॅरेजात तो मोटारींचे पत्रे ठोकायचा. दुष्काळाच्या वर्षी तिथं एक गोरं जोडपं आलं. त्यांच्या मोटारीला मागे एक दोन चाकी गाडी जोडलेली, दिसायला थेट करंजी. पुढून गोल, मागे निमुळती, आत दोघं झोपतील एवढी गादी, बाजूला एक दार, आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. तिच्या चाकांचा आस मोडला होता. जोडपं तिला तिथंच टाकून पुढं गेलं आणि गॅरेजच्या मालकानं तिच्यात कोंबड्या पाळल्या.

पुढं ती कोंबड्यांनाही गळकी वाटू लागली, तेव्हा शिवलिंगप्पानं मागून घेतली आणि बैलगाडीवर लादून घरी आणली. शेजारचा गुंडा ओट्यावरून ओरडला, "कुटं निगालास रं फिरायला? काशीला व्हय?"

"बगू की," शिवलिंगप्पा म्हणाला.

त्याला कुठंही जायचं नव्हतं. गाडी ओढायला मोटार नव्हती आणि हिंडायची हौस तर त्याहून नव्हती. त्याला हवं होतं ते फक्त दार.

वर्षभर गॅरेज सुटलं की तो अंगणात खपला. कुजलेल्या फळ्या काढल्या, गांधीलमाश्यांची पोळी काढली, गंज खरवडला, भोकांवर ठिगळं मारली, भंगारातल्या बसची रबरी पट्टी काढून दाराला बसवली. मोडका आस नीट केला, वर बादल्या ओतून गळती तपासली, शेवटी रंग दिला. आपण हे कशासाठी करतोय ते काशम्माला सांगावं असं त्याला रोज वाटे. पण माजघरात जावा, गच्चीवर भाऊ, नळावर अख्खी गल्ली. तेव्हा गाडी झाली की गाडीतच सांगू, असं त्यानं ठरवलं. माणूस हाताचा कसबी होता. अकलेचं काय सांगावं!

गाडी झाली आणि त्याच महिन्यात पुतण्याचं, चनबसप्पाचं, लग्न ठरलं. नव्या जोडप्याला निजायला जागा कुठली द्यायची, म्हणून काशम्माची थोरली जाऊ कमलम्मा जिवाला घोर लावून बसली. तेव्हा भरल्या पंगतीत काशम्माच म्हणाली, "ह्यांची गाडी हाय की, अक्का! पोरांना द्या. आमाला आता काय करायची?"

काशम्माचं मन केवढं मोठं, असं सगळे म्हणाले. शिवलिंगप्पानं हातातला घास परत ताटात ठेवला. असा राग त्याला उभ्या जन्मात आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढावा तेही कळेना.

"द्या की," तो म्हणाला.

लग्नानंतरच्या दुपारी काशम्मा गाडी पुसायला आत शिरली. कमलम्मा मागून चादरी आणि फुलं घेऊन येणार होती. कडी कशी लावायची ते दाखवायला म्हणून शिवलिंगप्पाही आत गेला, आणि दार लागलं. दोघं गादीवर टेकली. ऐकायला कुणी नव्हतं, तरी सवयीनं कुजबुजतच बोलली.

"वरीसभर एवढं कशाला खपलात हो?"

"तुज्यासाटी. दोगांनी बसून बोलावं म्हनून."

काशम्मानं हातातलं फडकं बाजूला ठेवलं. "मग आदी का न्हाय सांगितलंत?"

"कुटं सांगनार हुतो?"

तिला रडू आलं. पाठोपाठ स्वतःच्या मोठ्या मनाचा भयंकर संताप आला. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"काशे, झालं का न्हाय? फुलं सुकायला लागली की!"

जावेशी काशम्मा आजवर एक शब्द खोटं बोलली नव्हती. तिनं कडी चाचपून पाहिली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "आज जमायचं न्हाय, अक्का! रंग लई वला हाय अजून!"

रंग देऊन महिना झाला होता, आणि तो देताना सगळ्या गल्लीनं पाहिला होता.