रिटर्नाची शेवटची तारीख

ती गोष्ट अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले पुष्कळ विसरलो. ही एक केस राहिली, आणि हिच्यात तर गुन्हाही निघाला नाही.

मी मराठी चौथी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, जमादार झालो. लिहायची सवय ठाण्याच्या रोजनामच्यापुरती. गोड करून लिहिता येत नाही, झालं तसं लिहितो. नावं कोणाची देत नाही.

इंग्रजी अमलातली गोष्ट. मी मंगरूळपीरच्या ठाण्यात होतो. ठाणेदार साहेब रजेवर गेलेले, म्हणून ठाणं माझ्या हाती. थंडीचे दिवस. सकाळची हजेरी घेऊन शिपायांना कामं वाटून देत होतो, तेवढ्यात दोन माणसं दारात आली. एक मुसलमानांच्या मयताला आंघोळ घालणारा म्हातारा. दुसरा दर्ग्याकडच्या आळीतला एक माणूस. त्याचा थोरला भाऊ तंबाखूचा ठोक व्यापारी होता.

म्हातारा म्हणाला, "जमादार, याचा भाऊ गेला. घरच्या बाया सांगतात, आज पहाटे गेला. पहाटे गेलेला माणूस आता कुठं ताठाले लागते. हा तर ताठून पुन्हा सैल पडला. पोटावर हिरवट झाक चढली."

"म्हणजे कधी गेला?"

"ते मी कायले सांगू? आज नाही गेला, एवढं सांगतो."

भाऊ मधेच बोलला, "भावजयीनं इष घातलं, दुसरं काय. काल दिवसभर दार लावून होत्या. मी हाक मारली तर खिडकीतून अम्मा म्हणते, तो झोपला हाय, जा. अन् आत लोबान जळून राह्यला होता. झोपलेल्या माणसापाशी कोणी लोबान जाळते का?"

खबर पक्की होती. मी रोजनामच्यात अकस्मात मयताची नोंद केली, दोन पंच घेतले आणि निघालो. वाटेत भाऊ सारखा म्हणत होता, अकोल्याला पाठवा, चिरफाड करा. मुसलमानाच्या घरी मयताची चिरफाड म्हणजे काय असते ते मला माहीत होतं. पण संशय असला की माझ्यापाशी दुसरा रस्ता नव्हता. तसं झालं असतं तर बाई कोठडीत, नवरा टेबलावर आणि घराच्या नावाला काळिमा.

घरात मयत, त्याची बायको आणि म्हातारी आई एवढीच माणसं. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या बाया जमल्या होत्या आणि रडत होत्या. घरच्या दोघी मात्र कोरड्या. हे मी पहिल्यांदा टिपलं. खोटं रडणारे पुष्कळ पाहिले होते. अजिबात न रडणारे पाहिले की पोलिसाचा संशय वाढतो.

पंचनामा केला. अंगावर खूण नाही, तोंडाला फेस नाही. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं. दोघींना वेगवेगळं बसवून पडद्याआडून जबानी घेतली. बायको म्हणाली, "पहाटे गेले." आई म्हणाली, "पहाटे गेला." पुढचं विचारलं की दोघी चूप. खोटं बोलणारी माणसं जास्ती बोलतात, वेळ सांगतात, शपथा घेतात. या दोघी एक शब्द टाकून थांबत होत्या. मला काही समजेना.

उठून परसात गेलो. दोरीवर बायकोचा बुरखा वाळत होता. धुतलेला नव्हता, नुसता टांगलेला. खालच्या काठाला हातभर रस्त्याची धूळ. आळीत इकडंतिकडं गेल्यानं एवढी धूळ बसत नाही. ती मोटारीची धूळ. नवरा मरायला टेकलेला असताना ही बाई कुठं गेली होती? इष आणायला? माझ्याही मनात तेच आलं, खोटं कशाला सांगू.

परत येऊन पडद्यापाशी बसलो. "बाई, काल कुठं गेल्त्या?"

मीच पुढं बोललो.

"बुरखा मी पाह्यला. आता सांगा, नाही तर मले मयत अकोल्याले न्या लागन."

आतून म्हातारीचा आवाज आला. "सांग वं. लपवून काय करतं? झालं न काम."

पडद्याखालून एक कागद सरकला. अकोल्याच्या इन्कमटॅक्स कचेरीची पावती, वर आदल्या दिवसाचा शिक्का. व्यापाऱ्याचं रिटर्न पोचल्याची. आणि आदला दिवस हीच ते भरायची शेवटची तारीख होती.

मग बाई बोलली. सगळं सांगताना तिचा आवाज एकदाही वर चढला नाही.

मागल्या साली रिटर्न उशिरा गेलं होतं. दंड बसला, तो भरायला दारातली घोडी विकली. कचेरीतून बजावलं, पुन्हा उशीर केला तर आम्हीच मनाला येईल तेवढी कमाई धरू आणि कर लावू. तसं झालं असतं तर दुकान गेलं असतं. यंदा व्यापारी छातीच्या दुखण्यानं पडला. उशीला टेकून, थांबत थांबत त्यानं रिटर्न पुरं केलं, सही केली, बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाला, उद्या जाऊ देजो. त्या दिवशी दिवेलागणीला तो गेला.

"मी बोंब ठोकली असती तर आळी जमली असती. मग मले इद्दतीत बसा लागलं असतं, चार महिने घराबाहेर पाय नाही. रिटर्न कोणी नेलं असतं?"

बाहेरून भाऊ बोलला, "मले सांगाचं होतं. मी नेलं असतं."

म्हातारी पडद्यामागून म्हणाली, "तुलेच देलं होतं न मागल्या साली? तुह्याच खिशात राह्यलं. घोडी कोणापाई गेली, पुसतं का?"

भाऊ खाली बसला.

मी बाईला विचारलं, "कचेरीत कोणी काही पुसलं नाही?"

"पुसलं. बाबू म्हणे, मालक काहून नाही आले? मी म्हटलं, झोपले हायेत. त्यानं शिक्का मारला. म्हणे, पुढच्या साली त्यायलेच पाठवा."

"मग?"

"मी म्हटलं, बरं."

मी पोलीस. नुसत्या बोलण्यावर सोडणं आमच्या धंद्यात नाही. शिपाई मोटारस्टँडवर पाठवला. ड्रायव्हर म्हणाला, "व्हय, होती एक बाई. सकाळच्या मोटारीनं गेली, सांजच्यानं आली. बाजूच्या बाईनं इचारलं तर म्हणे, घरधन्याच्या कामाले गेलती." तोवर डॉक्टर आले. मयत पाहिलं आणि म्हणाले, "विषाचं काही लक्षण नाही. हा जास्त दिवस काढणार नाही हे मीच घरच्यांना सांगितलं होतं."

मेलेल्या माणसाचं रिटर्न चालतं की नाही, ते मला माहीत नव्हतं, आजही नाही. सही त्यानं जिवंतपणी केली होती, तेवढं मला पुरे झालं. मी अहवालात लिहिलं, आजारानं मृत्यू, संशय नाही. पण एक गोष्ट अहवालाबाहेरची विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"अम्मा, तुमी दिवसभर पोराजवळ एकट्याच होत्या?"

"होती. त्याचे पाय सरळ केले, जबडा बांधला. लोबान लावला. हा धाकटा येऊन हाका मारू लागला तं खिडकीत गेली."

"रडू नाही आलं?"

"आलं न. पदराचा बोळा तोंडात धरला. रडली असती तं सुनेचं जाणं फुकट गेलं असतं." मग म्हणाली, "आता रडा म्हणतात सारे. आता येऊन नाही राह्यलं."

आंघोळ घालणारा म्हातारा दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. मला वाटलं, आता हा इद्दतीची गोष्ट काढेल. त्यानं बाह्या वर केल्या, म्हणाला, "जमादार, तुमचं झालं असन तं मी पाणी घेतो," आणि आत गेला.

दुपारी जनाजा उठला. खांदेकरी उंबऱ्याबाहेर पडले आणि आतून एक आवाज आला. म्हातारीचा. मी रस्त्याच्या कडेला टोपी काढून उभा होतो. माझे दोन्ही शिपाई, एक हिंदू, एक मुसलमान, खाली पाहत होते. कामरगावच्या कुस्तीच्या फडावर, पोहरादेवीच्या जत्रेत, कुठं कुठं बंदोबस्त केला, किती माणसांचा आक्रोश ऐकला. तसा आवाज पुन्हा ऐकला नाही.

नंतर नोकरीत असेपर्यंत मी ओळखीच्या व्यापाऱ्यांना एकच सांगत असे: रिटर्न शेवटच्या तारखेवर ठेवू नका. त्या दिवशी तुमच्या घरात काय येऊन बसेल, याची कचेरीला पर्वा नसते. दंड तर पैशाचा असतो. त्या दोघींनी दंड वाचवायला जे दिलं, ते कोणत्याच पावतीवर लिहिता येत नाही.

पोलिसात मी एक शिकलो होतो, बंद दार आणि कोरडे डोळे दिसले की आत पाप आहे समजावं. त्या दिवसानंतर ते मी सोडलं.

माझी बायको गेल्या साली गेली. मी दार उघडं टाकून अंगणात येऊन बोंबललो, सारी आळी गोळा झाली. तिनं जाताना मला म्हटलं होतं, गाईला पाणी पाज. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं पाजलं. एवढंही माझ्या हातून झालं नाही. आणि ती बाई नवऱ्याला घरी ठेवून अकोल्याला गेली, रांगेत उभी राहिली, बाबूला बरं म्हणाली आणि परत आली. माणसात हे बळ कुठून येतं, ते मला नोकरीत कळलं नाही, आणि आता एकट्यानं बसून विचार करतो तेव्हाही कळत नाही.