लाख वातींचा नवस

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळायचं नाही आणि माझं डोकं दुखायचं. आमच्या रिठद गावात या तिन्ही गोष्टींवर कोणाकडे इलाज नव्हता.

मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन. डाव्या कानशिलातून कळ सुरू व्हायची, मग उजेड सहन व्हायचा नाही. ओकारी झाली की जरा बरं वाटायचं. नजर काढून झाली, सुंठ उगाळून लावून झाली. शेवटी बाबांनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत पाहू. नाई थांबलं त डाग देऊन टाकू." डाग म्हणजे चुलीत लाल केलेल्या विळ्याचं टोक कानशिलावर टेकवायचं.

मायने घाबरून महादेवाला लाख वातींचा नवस केला. नवस माझ्यासाठी, म्हणून वाती मीच वळायच्या. कापूस घरचाच होता. सरकी काढलेल्या कापसाची चिमूट घ्यायची, बोटांना राख लावायची आणि दोऱ्यासारखी बारीक वात वळायची. मायची अट एकच होती. "वात वळतानी मन वातीतच पायजे. दुसरीकडं गेलं त ते वात मोडून टाक. देवाले चालत नाई."

मी भित्री होते, देवाला फसवायची हिंमत नव्हती. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्या वाती मोडल्या, कारण मन एकसारखं त्या विळ्याकडे धावायचं. हळूहळू जमायला लागलं. श्वास सोडताना बोटं पुढे, घेताना मागे. कापूस बोटांखाली घट्ट होतोय, एवढंच कळायचं. मधेच कळ आली तरी मी तिच्याशी भांडत नसे. ती कानशिलात असायची, मी वातीत असायचे, आणि थोड्या वेळाने ती ओसरायची. ओकाऱ्या थांबल्या. माय गावभर सांगत सुटली, "देव ऐकून राह्यला."

इथेच सगळं बिघडलं. अर्ध्या नवसात देव एवढं देतो, तर पुऱ्या नवसात कायमचं बरं करील, असं मायने मनाशी धरलं. दिवाळीही जवळ आली होती. तिने शेजारपाजारच्या बाया गोळा केल्या. दुपारभर ओसरीवर वाती वळल्या जायच्या, आणि कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाची म्हैस आटली, सगळं त्या वातींत वळलं जायचं. त्यांना मात्र माय एकही वात मोडायला सांगेना. मला संताप आला. "मलेच वळू द्या," म्हटलं, तर बाया कौतुकाने हसल्या आणि पोरगी गुणाची आहे म्हणाल्या. बघता बघता लाख भरले. तुपात भिजवून वाती देवळात पेटवल्या तेव्हा मायच्या डोळ्यांत पाणी आलं.

आठवड्याच्या आत मी पुन्हा ओकले.

"मले अजून कापूस दे," मी मायला म्हटलं.

"नवस फिटला न बाई. आता देवाले काय म्हनून वाती देऊ?"

"देवाले नोको. मलेच पायजेत."

तिला ते समजलं नाही आणि मला समजावून सांगता आलं नाही. नवसात आपल्याच हातून काहीतरी चुकलं, असं मनाला लावून घेऊन ती दिवसभर चुलीपुढे बसून राहिली. तिचं ते बसणं मला डोकेदुखीपेक्षा जास्त लागलं.

दिवाळी झाल्यावर डाग दिला. माझं डोकं मायनेच मांडीवर धरलं होतं, आणि माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. पण जखमेवरची खपली पडायच्या आधी कळ परत आली. मी तोंड भिंतीकडे करून अंथरुणावर पडले. बाबा दारात उभे होते. डाग देणारा सांगून गेला होता की एका बाजूने गुण आला नाही तर दुसऱ्या बाजूलाही द्यावा लागेल.

माय जवळ बसली. माझ्या कपाळावर हात ठेवून तिने विचारलं, "आता नाई न दुखत, बाई?"

"नाई," मी म्हटलं.

तिने पदराने डोळे पुसले आणि भाकरी टाकायला उठली. त्या दिवसापासून आमच्या घरात माझं डोकं कधीच दुखलं नाही.