रेषेला क्षेत्रफळ नसतं

सहानाचं घराणं तंजावरचं. आजोबा नोकरीसाठी मद्रासला आले आणि कुटुंब इथलंच झालं. घरात जुन्या वळणाची मराठी, बाहेर तमिळ, ऑफिसात इंग्रजी. शहराबाहेर सिरुसेरीच्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीत ती कामाला लागली, तिथले तिचे वरिष्ठ पुरुषोत्तम मूळचे सांगलीचे. दोघं मराठी असून पहिलं वर्षभर इंग्रजीतच बोलत, कारण तिला स्वतःची मराठी त्यांच्यापुढे गावठी वाटे आणि त्यांना तिची नीट कळत नसे.

कंपनी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवत असे. पत्र्याच्या मोठ्या तक्त्यावर कोणता भाग कुठे कापायचा, म्हणजे पत्रा कमी वाया जाईल, हे ते ठरवी. त्याच्या तळाशी भूमितीची एक लायब्ररी, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार कोडचा साठा, होता. दोन वर्तुळांतलं अंतर काढायला एक फंक्शन, वर्तुळ आणि चौकोनासाठी दुसरं, चौकोन आणि कमानीसाठी तिसरं. एक नवा आकार आला की तो जुन्या प्रत्येक आकाराशी जुळवून घ्यावा लागे. यातलं बरंचसं पुरुषोत्तमांनी तरुणपणी एकट्याने लिहिलेलं होतं.

सहानाच्या वाट्याला लंबवर्तुळ आलं. ते बसवता बसवता तिच्या लक्षात आलं, की आपण तेच ते पुन्हा लिहितोय. तिने सुचवलं, आकारांसाठी एक समान इंटरफेस ठरवू, म्हणजे एक करार. तो पाळणारा कोणताही आकार आणा, अंतर काढण्याचं काम एकदाच लिहिलेलं असेल. चालतंय त्याला हात लावू नये, असं पुरुषोत्तमांचं मत होतं. तिने पिच्छा सोडला नाही. शेवटी एका गिऱ्हाइकापुरता प्रयोग करायची परवानगी मिळाली.

तिने करारात सगळं घातलं: अंतर, क्षेत्रफळ, परिमिती, फिरवणं, छेद. प्रत्येक आकाराने सगळं दिलंच पाहिजे. साध्या रेषेलाही क्षेत्रफळ सांगणं भाग पडलं, तेव्हा तिने तिथे शून्य लिहिलं आणि पुढे गेली.

प्रयोग ओरगडमच्या एका लहान कारखान्यात सुरू झाला. उरलेला पत्रा वेगळा करण्यासाठी तक्त्यावर एक आडवी चीर द्यायची असे. चीर म्हणजे नुसती रेषा. तिचं क्षेत्रफळ शून्य, तेव्हा इथे काहीच नाही, असं सॉफ्टवेअरने धरलं आणि त्याच जागी दाराचे पत्रे मांडले. यंत्राने ते कापले आणि मग चीरही दिली, पत्र्यांच्या मधोमध.

दोघं तिथे पोचली तेव्हा दुभंगलेले पत्रे भिंतीला टेकवून ठेवले होते. कारखान्याचा मॅनेजर पुरुषोत्तमांना बरंच बोलला. त्यांनी ऐकून घेतलं, तिचं नाव मध्ये येऊ दिलं नाही.  दुसऱ्या दिवशी जुनी लायब्ररी परत चालू झाली.

सहानाला ऑफिसात मान वर करवेना. त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीकडून तिला बोलावणं आलं. तिच्या आईला, महालक्ष्मींना, तिने तिकडे जावं असं वाटत होतं. इतका मनस्ताप असेल तर कशाला राहायचं, असं त्या म्हणाल्या. हे अर्धं टाकून मी जाणार नाही, एवढंच सहानाने सांगितलं आणि ते बोलावणं नाकारलं.

मग ती पुरुषोत्तमांकडे गेली आणि या वेळी मराठीतच बोलली.

"सर, मला ते पुन्हा करायचंय."

"आधी काय चुकलं ते सांग."

"मी सगळ्या आकारांकडे सगळं मागितलं. रेषेला क्षेत्रफळ नसतं. नाही म्हणायची सोयच ठेवली नाही, म्हणून तिने शून्य सांगितलं."

"आणि आता?"

"आता एक मोठा करार नाही, लहान लहान. क्षेत्रफळ देणाऱ्यांचा वेगळा, अंतर देणाऱ्यांचा वेगळा. ज्याला जे जमतं तेवढंच त्याने कबूल करायचं. आणि प्रत्येक कामाने स्वतःला काय लागतं ते आधी सांगायचं. रेषा नको तिथे गेली, तर प्रोग्रॅम कंपाइलच होणार नाही, चालवण्याआधीच अडेल. चूक आपल्या टेबलावर कळेल, कारखान्यात नाही."

पुरुषोत्तमांनी थोडा विचार केला. "वेग कमी होईल," ते म्हणाले. "मोजून दाखव."

तिने मोजलं, आणि त्यांचं म्हणणं खरं निघालं. दोन वर्तुळांचं अंतर नव्या पद्धतीने फारच हळू निघत होतं. तिला वाईट वाटलं, पण ती अडून बसली नाही. सर्वांसाठी एक पद्धत आणि जिथे घाई आहे तिथे खास वाट, असं तिने ठरवलं. वर्तुळांसाठी पुरुषोत्तमांचंच जुनं फंक्शन जसंच्या तसं ठेवलं. त्यांनी तो भाग वाचला, एका ओळीतली चूक दाखवली आणि पुढे जा म्हणाले.

काम लांबलं. इतर कामं सांभाळून ती एकेक आकार नव्या करारांवर आणत राहिली. रेषेपुढची क्षेत्रफळाची जागा तिने काढून टाकली, आणि मांडणीचा जुना प्रोग्रॅम कंपाइल होईना. ओरगडमला ज्या ओळीने घोटाळा केला होता, नेमक्या त्याच ओळीवर तो अडला. सहाना खुर्चीत मागे टेकून ती लाल ओळ बघत राहिली. मग पुरुषोत्तमांना बोलावून आणलं. त्यांनी वाकून वाचलं. "चूक इथेच होती," ते म्हणाले.

आता नवी लायब्ररी सगळ्या गिऱ्हाइकांकडे आहे, ओरगडमच्या त्या कारखान्यातही. तिथला मॅनेजर अजून पहिला तक्ता स्वतः तपासतो आणि सहानाला त्यात गैर वाटत नाही. गेल्या महिन्यात गुम्मिडिपूंडीच्या एका गिऱ्हाइकाला पानाच्या आकाराचा भाग हवा होता. कीर्तना नावाच्या नव्या मुलीने तो एकटीने लिहिला. लायब्ररीला हात लावावा लागला नाही. सहानाला हे कळलं ते भाग कापून झाल्यावर, कँटीनमध्ये जेवताना.