मेरिमने नान चाखला नाही

नारिन गावात कुमुशचा तंदूर सगळ्यांना ठाऊक होता. कुमुशची विचारपूस मात्र कुणी करत नसे. सरकारी पावाचा कारखाना बुडाला, नवरा गेला, मुलगी रशियात जाऊन तिकडचीच झाली. मग बाईने अंगणात मातीचा तंदूर घातला आणि नान भाजून विकू लागली. परवाना? तो ओमुरबेक तपासनिसाच्या पोटात असायचा. हे महाशय दारातच गरम नान मोडून तोंडात टाकायचे, डझनभर काखोटीला मारायचे आणि म्हणायचे, "चालू दे, एजे!" वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात. तुकडा पोटात गेला की काम झालं. कुमुशला त्यात काही वावगं वाटत नसे. तसंही आमच्याकडे उंबऱ्याशी आलेला माणूस नान चाखल्याशिवाय माघारी जात नाही. गेलाच, तर त्याच्या मनात काळंबेरं आहे असंच समजतात.

यंदा ओमुरबेकच्या जागी मेरिम नावाची तरुण मुलगी आली. तिने पाणी पाहिलं, पिठाची पोती पाहिली, कुमुशची नखंसुद्धा पाहिली. कुमुश ताट घेऊन तिच्या मागेमागे.

"घे ना पोरी, आत्ताच काढलाय."

"नको, एजे. तपासणीला आल्यावर काही खायचं नाही, नवा नियम आहे."

"अगं, तुकडाभर! एवढ्याशा तुकड्याने तुझी नोकरी जाणारे का?"

मेरिम हसली, पण हात पुढे केला नाही. "लवकरच कळवते," म्हणाली आणि गेली.

कुमुश ताट धरून दारात उभीच राहिली. पोरीने खाल्लं नाही, म्हणजे तंदूर मोडणार. शेजारच्या मुर्झाचा सरकारी माणसांनी असाच मोडला होता, वर दंडही ठोकला होता. आपणहून मोडणाऱ्याला तेवढा दंड चुकतो, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. कुणाला तरी विचारावं असं तिला फार वाटलं, पण विचारणार कुणाला? मुलीला फोन लावला.

"आई, दुकानात गर्दी आहे गं. नंतर बोलते."

नंतर काही फोन आला नाही.

सकाळी कुमुशने कुदळ घेतली. मेंढीची लोकर घालून स्वतः तुडवलेली माती होती ती, सहजासहजी फुटेना. बाई रडत होती आणि घाव घालत होती. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला, पण बाहेर कुणी आलं नाही.

आठवडा उलटायच्या आत मेरिम फाटकातूनच ओरडत आली. "एजे! परवाना मिळाला! ना कुणाची ओळख, ना कुणाला काही द्यायचं. गावातला पहिला परवाना तुमचा!"

मग तिला मातीचा ढीग दिसला.

"हे कुणी केलं, एजे? कोण आलं होतं?"

"कुणी नाही गं. मीच," कुमुश म्हणाली. "तू खाल्लं नाहीस ना, बाळा."